सगळ्यांचे पाय ब्रेकवर

नव्या जिवाचं आगमन हा कुठल्याही घराण्याच्या आयुष्यातला सर्वांत पवित्र क्षण असतो आणि त्या क्षणापुढे घरातले सगळे वाद आपोआप गळून पडतात, असं सरांनी रविवारी दुपारी उभं राहून, चष्मा काढून जाहीर केलं. चष्मा काढला म्हणजे ते मनापासून बोलतायत, असं घरात समजलं जाई. मग त्यांनी चष्मा परत चढवला आणि विचारलं, की दवाखान्यात गाडी कोण नेणार. गळून पडलेले वाद तेवढ्यावर उठले, कपडे झटकले आणि आपापल्या बाकावर येऊन बसले.

बैठक नेहमीप्रमाणे वर्गात होती. वर्ग म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची तळमजल्यावरची लांबट खोली. भिंतींवर खुणांचे तक्ते, कोपऱ्यातल्या टेबलावर पोट फाडून ठेवलेला गिअरबॉक्स, आणि समोर तो लोखंडी फळा. फळ्यावर पांढऱ्या रंगात रस्ते, चौक, बोळ आणि एक पूल रंगवलेले, आणि त्यांवर चिकटणाऱ्या चुंबकाच्या छोट्या छोट्या गाड्या. शाळेची पहिली गाडी तळ्यात गेली तेव्हा चूक कोणाची, हे सरांच्या वडिलांनी याच फळ्यावर गाड्या मांडून ठरवलं होतं. चूक तळ्याची निघाली. तेव्हापासून घरातला प्रत्येक प्रश्न, मग तो लग्नाचा असो, भाडेकरूचा असो की भिंतींच्या रंगाचा, याच फळ्यावर सोडवायचा प्रघात पडला. प्रत्येकाची गाडी ठरलेली. हातात छडी असेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि शेवटी ज्याला जो रस्ता पटेल त्यावर त्यानं आपली गाडी नेऊन ठेवायची. जिकडे गाड्या जास्त, तो निर्णय.

धाकट्या सुनेची अडचण अशी होती, की आजचा प्रश्न तिच्या पोटात होता आणि छडी काही केल्या तिच्यापर्यंत येत नव्हती.

या घरात सगळेच शिक्षक. सर ट्रक शिकवायचे. त्यांना त्यांची बायकोही सरच म्हणायची आणि दोन्ही मुलं बोलायला लागली ती ‘सर’ म्हणतच. सासूबाई खुणा आणि नियम शिकवायच्या. थोरला मोटारी शिकवायचा. आज तो परगावी गेला होता आणि त्याची गाडी हलवायचा अधिकार त्यानं बायकोला देऊन ठेवला होता. धाकट्याकडे, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याकडे, घाबरट लोक पाठवले जात. आणि थोरली सून दुचाकी शिकवायची. घरात गाडी न येणारी एकटी धाकटीच. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लग्न झाल्यावर तिला शिकवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही, पण शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, आणि तिला शिकवायला सगळे एकदमच बसायचे. गाडी फाटकाबाहेर पडलीच नाही. मागच्या सीटवर ब्रेक नव्हता, पण तिथले पायही दाबायचे थांबत नव्हते.

सरांनी फळ्यावर खडूनं दोन नवे रस्ते काढले होते. एक सरळ आणि रुंद: तारीख ठरवून ऑपरेशन. दुसरा वळणावळणाचा, पुलावरून जाणारा: निसर्ग. रस्ते काढतानाच सरांचं मत कळत होतं, कारण निसर्गाच्या रस्त्यावर त्यांनी खड्डेही काढले होते.

“परीक्षा आपण कशी घेतो?” सर म्हणाले. “ठरलेला दिवस, ठरलेलं मैदान, ठरलेली वेळ. उमेदवार रात्री-बेरात्री येऊन म्हणाला, मला आत्ता परीक्षा द्यायची, तर चालेल?”

त्यांनी बुधवार सुचवला. बुधवारी ट्रकचं मैदान बंद असतं.

छडी आत्याबाईंनी ओढून घेतली. सरांची ही मोठी बहीण निवृत्त झाल्यापासून निसर्गाकडे वळली होती आणि निसर्गाला काही बोलायला तिनं जागाच ठेवली नव्हती. तिचं म्हणणं, दवाखाना नको, तपासणी नको, गोळी नको, सोनोग्राफी तर अजिबातच नको. बाई पाण्यात बसते, बाळ पोहत बाहेर येतं. मागच्या अंगणात गाड्या धुवायचा जो हौद होता तो तिनं दोनदा मोजून पाहिला होता. सासूबाईंनी हळूच विचारलं, की त्यात डिझेलचा वास येतो त्याचं काय. आत्याबाई म्हणाल्या, डिझेलसुद्धा जमिनीतूनच निघतं.

“आणि तुमचा गुडघा?” थोरली म्हणाली. छडी तिच्या हातात नव्हती, पण थोरली नियम मोडायचीच.

आत्याबाईंचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदलला होता. तो धातूचा होता. त्या विषयावर निसर्गाचं मत अजून कळलं नव्हतं.

“गुडघा वेगळा,” आत्याबाई म्हणाल्या. “बाळंतपण हे सोसण्याचं काम आहे. ज्यांना सोसवत नाही त्यांनी खुशाल टेबलावर जाऊन झोपावं.”

थोरलीची मुलगी ऑपरेशन करून झाली होती. तेही रात्रभर कळा काढून झाल्यावर, बाळाचे ठोके मंदावले म्हणून. थोरली उठली. तिनं आपली गाडी सरळ रस्त्यावर ठेवली, टक्. नवऱ्याची गाडी तिच्या मागे ठेवली, टक्. मग तिनं आत्याबाईंच्या हातातून छडी घेतली, अगदी सावकाश.

“माझी मुलगी कुठून आली, आत्याबाई? कुरिअरनं?”

सासूबाई चहा ओतायला लागल्या. घरात भांडण तापलं की त्या चहा ओतत आणि ज्याला पहिला कप मिळे तो पक्ष जिंकतोय असं धरलं जाई. आज त्यांनी पहिला कप स्वतःच घेतला.

“आणि तू,” थोरली धाकटीकडे वळली. “गेले कित्येक महिने ऐकतेय मी. नैसर्गिक हे, नैसर्गिक ते. तुमच्या त्या बाळंतपणाच्या वर्गात काय शिकवतात, माझ्यासारख्यांना नापास म्हणायला?”

धाकटीला उत्तर द्यायचं होतं. त्या वर्गात असलं काही शिकवत नव्हते. वर्गात शिकवायचे ते एवढंच, की कोणीही काहीही करू म्हणालं तर आधी विचारा: यानं फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, आणि थांबलो तर काय होईल. पण घरी आल्यावर ती जे बोलायची त्यात प्रश्न कमी आणि निसर्ग जास्त असायचा, हे खरं होतं. आवडलेल्या गोष्टीबद्दल माणूस जरा जास्तच बोलतो. ऐकणाऱ्याच्या पोटावर टाके आहेत हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

आणि मुळात तिला जे सांगायचं होतं ते वेगळंच होतं. ते शुक्रवारपासून तिच्याकडे पडून होतं.

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी तिच्या पोटावर हात फिरवला, बरगड्यांखालच्या टणक गोळ्याशी थांबल्या, मशीन लावून पाहिलं आणि म्हणाल्या, हे डोकं. धाकटीला धक्का बसला. त्या गोळ्याला ती महिनाभर बाळाचं ढुंगण समजत होती आणि त्यावर लाडानं चापट्या मारत होती. बाळ पायाळू होतं. डॉक्टरबाईंनी सगळं नीट मांडलं. येत्या आठवड्यात बाहेरून हातानं फिरवून बघता येईल. जितक्यांचं फिरतं, जवळजवळ तितक्यांचं नाहीही फिरत. धोका थोडा आहे पण आहे, म्हणून ते ऑपरेशन थिएटरच्या शेजारीच करायचं, आधी आणि नंतर बाळाचे ठोके बघायचे. किंवा तारीख घेऊन ऑपरेशन. किंवा पायाळूच जन्माला येऊ द्यायचं; ते जमणारी अनुभवी माणसं आमच्याकडे नाहीत, मोठ्या दवाखान्यात आहेत, चिठ्ठी देते. किंवा थोडं थांबून बघायचं; काही बाळं आपली आपण फिरतात.

“तुम्हाला काय वाटतं?” डॉक्टरबाईंनी शेवटी विचारलं.

धाकटी दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड फ्रेम चढवून, काचा बदलत विचारायची: आता बरं दिसतंय, की मघाशी? आणि दर तिसरा माणूस म्हणायचा, तुम्हीच सांगा ना, तुम्हाला जास्त कळतं. तिला त्या माणसांचा मनस्वी राग यायचा. डोळे तुझे, दिसतंय तुला, मी काय सांगू? आणि शुक्रवारी त्या खुर्चीत तिच्या तोंडून, अगदी ओठांपर्यंत, तेच आलं: तुम्हीच सांगा ना. तिनं ते गिळलं, पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं. डॉक्टरबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शनिवारी रात्री तिचं ठरलं. नवऱ्याला तिनं सांगितलं, तोही म्हणाला, बरोबर आहे, उद्या बैठकीत आपण दोघं मिळून सांगू. वर तो घाबरट लोकांना शिकवतो तसं नाकानं श्वास घेऊन तोंडानं सोडायला लागला.

आता बैठकीत तो काय करतो ते ती बघत होती. आई आणि वडील, आत्या आणि वहिनी असे चहूकडून त्याच्याकडे बघत असताना तो फळ्याशी गेला, गाडी हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी ती दुभाजकावर ठेवली.

“तिथं थांबायला बंदी आहे,” सासूबाई म्हणाल्या. नियमांत त्या मुलालाही सोडत नसत.

मग वाद भलतीकडेच सुटला. बाळ अजून यायचं होतं, तोवर ते झोपणार कुठं यावरून दोन तट पडले; आईशेजारी म्हणणारे आणि पाळण्यात म्हणणारे. पहिल्यांदा कोण घेणार यावर सरांनी वयाचा मुद्दा काढला. बाटली द्यायची की नाही यावर आत्याबाई आणि सर आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला आले आणि घाबरून लगेच वेगळे झाले. छडी या हातातून त्या हातात फिरत राहिली. धाकटी एका हातानं पोट आणि एका हातानं बाक धरून बसली होती, आणि मध्येच बाळानं आतून अशी काही लाथ मारली, की ती छडीची वाट न बघताच उठली.

फळ्याच्या कोपऱ्यात कोणाचीच नसलेली एक लाल गाडी होती, सगळ्यांत लहान. तिनं ती काढली आणि दोन्ही रस्त्यांच्या सुरुवातीला जो बोळ होता त्यात ठेवली. तोंड आत, पाठ रस्त्याकडे.

“बाळ असं बसलंय,” ती म्हणाली.

सगळ्यांनी बघितलं. या घरात गाडी कुठं तोंड करून उभी आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग सरांनी चष्मा काढला, पुसला आणि घातला, आणि पुढच्या क्षणाला घरातले सगळे पक्ष मोडले. ऑपरेशन नाही, निसर्ग नाही. उरले फक्त शिक्षक. अवघड जागी उलटी अडकलेली गाडी, आणि ती चालवणारा अगदी नवशिका. असा उमेदवार त्यांना आजवर मिळाला नव्हता.

सर म्हणाले, घाई नको, आधी जागा किती आहे ते बघा. सासूबाई म्हणाल्या, बोळातून मोठ्या रस्त्यावर उलटं येणं नियमात बसत नाही, आतच वळवून घ्यायला पाहिजे. धाकटा दुभाजकावरून उठून आला आणि बाळाला धीर देत म्हणाला, काही होत नाही, क्लच हळू सोड. आत्याबाईंनी धाकटीला भिंतीशी डोकं खाली-पाय वर उभं करायचं सुचवलं. नाही तर खालच्या बाजूला गाणं लावायचं, म्हणजे बाळ गाण्याकडे वळतं. कुठलं गाणं यावर मतभेद झाले. तोवर सर बाकावरून वाकून, दोन्ही हात वर करून, ट्रक मागे घेताना करतात तसे, तिच्या पोटापुढे उभे राहिले होते. “घे, उजवीकडे घे. येऊ दे. अजून. अजून. आता स्टिअरिंग पूर्ण कापून घे.”

आणि बाळ हललं. पोटावर एक लाट या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. सगळ्यांनी ती बघितली.

“कापून घेतलं,” सर हळूच म्हणाले.

“नाही,” धाकटी म्हणाली, “ते नुसतं खांदा बदलतंय,” आणि तिला हसू फुटलं. हसून हसून तिचं पोट हलायला लागलं, पोट हललं म्हणून आत्याबाई पुन्हा ‘बघा, बघा’ करायला लागल्या, आणि थोरली, जी अजून दोन गाड्यांच्या रागात होती, तिनं तोंडावर ओढणी धरली तरी तिचे खांदे हलत होते.

हसू ओसरलं तेव्हा छडी बाकावर पडली होती. धाकटीनं ती उचलली.

“मी विचारत नाहीये, सांगतेय. मंगळवारी डॉक्टर बाहेरून फिरवून बघणार. फिरलं तर मी कळांची वाट बघीन, दवाखान्यातच, हौदात नाही. नाही फिरलं तर ऑपरेशन. तेही माझं ठरलंय, आणि मी त्यात नापास झाले असं मला वाटणार नाही.” हे शेवटचं ती थोरलीकडे बघून बोलली. “ताई, मी फार बोलले या महिन्यांत. चुकलं.”

थोरलीनं ओढणी खाली घेतली.

“मतदान व्हायचंय अजून,” सर म्हणाले. ते दुखावले नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं, की ते राहून गेलं.

“नाही व्हायचं, सर.”

आणि तिनं या घरात कोणी कधी केलं नव्हतं ते केलं. फळ्यावरच्या गाड्या एकेक करून काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या. सरांचा ट्रक, सासूबाईंची पांढरी, थोरलीच्या दोन्ही. चुंबकं एकमेकांना चिकटून पर्समध्ये ढीग झाला. दुभाजकावरच्या गाडीपर्यंत तिचा हात पोचायच्या आधी धाकट्यानं ती स्वतः काढली आणि पर्समध्ये घातली. जरा उशीरच झाला होता, पण तो या घरातला मुलगा होता. त्या मानानं लवकरच.

आत्याबाई म्हणाल्या, हे बरं नाही. सासूबाईंनी दुसरा कप ओतला आणि धाकटीच्या हातात दिला.

दवाखान्यात सोबत आत एकच माणूस घेतात, असं तिनं सांगितल्यावर मात्र पुन्हा सगळे हात वर गेले. नवऱ्याचाही गेला, पण अर्धाच. बाळंतपणाच्या वर्गातल्या फिल्ममध्ये सुई दिसल्यावर तो कडेच्या खुर्चीवर आडवा झाला होता, आणि ते त्याला आठवत होतं.

“ताई येतील,” धाकटी म्हणाली.

“मी?” थोरली म्हणाली. “मी कशाला? मी तर टेबलावर झोपणाऱ्यांतली.”

“तुमच्या गाडीला दुसरा ब्रेक नसतो.”

हे खरं होतं. दुचाकीवर शिक्षकाला दाबायला काही नसतं. थोरली मैदानात शिकणाऱ्याच्या बाजूनं पळायची, पळता पळता सांगायची, आणि मग एका ठिकाणी सीटवरचा हात काढून घ्यायची. त्यानंतर जे व्हायचं ते शिकणाऱ्याचं. घरात हात काढून घेता येणारी ती एकटीच होती. थोरली म्हणाली, मंगळवारची माझी दुपारची बॅच आहे, ती सरांनी घ्यायची. सर कबूल झाले. त्यांनी आयुष्यात दुचाकी चालवली नव्हती.

मंगळवारी सरांनी बॅच घेतली नाही. ते गाडी चालवत होते. घरची गाडी थोरला परगावी घेऊन गेला होता, म्हणून निघाली ती शिकाऊ गाडी, छपरावर लाल अक्षरांची पाटी आणि पुढे दुसरा ब्रेक. चालवायला सर, शेजारी सासूबाई. सरांनी लग्नानंतर इतक्या वर्षांत बायकोनं ब्रेक दाबलेला कधी अनुभवला नव्हता. त्यांनी तो पहिल्या चौकात अनुभवला, दुसऱ्या चौकात अनुभवला आणि एका रिकाम्या रस्त्यावर, जिथं दूरवर एक मांजर ओलांडायचा नुसता विचार करत होतं, तिथंही अनुभवला. मागे धाकटी, थोरली, आत्याबाई आणि आत्याबाईंचा स्पीकर. आत्याबाई धाकटीच्या मांडीखाली गाणं वाजवत होत्या. धाकटा मागून स्कूटरवर येत होता आणि नाकानं श्वास घेत होता. दर ब्रेकला धाकटी आणि थोरली एकमेकींवर आदळायच्या आणि हसायच्या. दवाखान्याशी पोचेपर्यंत थोरलीला उचकी लागली होती.

आतली खोली लहान आणि थंड होती. पिवळट भिंत, एक पडदा, एक मशीन, आणि पडद्यापलीकडे थिएटरचा दरवाजा, जो उघडा होता हे धाकटीला दिसलं आणि बरंही वाटलं. आधी बराच वेळ पट्टा बांधून ठोके ऐकले. घोडा दौडल्यासारखे टपटप ठोके. मग एक इंजेक्शन. पिशवी सैल पडायला, डॉक्टरबाई म्हणाल्या. थोरलीनं सुई बघितली, धाकटीनं छत बघितलं.

“तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कारण सांगायची गरज नाही.”

धाकटीनं ऐकून घेतलं, पण तिला ते पटलं नाही. असं कोणी थांबतं हे तिनं तरी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी हातांना तेल लावलं. एक हात खाली, बाळाच्या बुडाशी, एक वर, डोक्याशी, आणि त्या वजन टाकून ढकलायला लागल्या. दुखलं. कळ नव्हे, पण एखादी जड गोणी कुणी तिच्या आतूनच सरकवतंय तसं. थोरलीनं तिचा हात धरला होता आणि काहीच सांगत नव्हती. श्वास घे नाही, धीर धर नाही. नुसता धरला होता. बाळ अर्ध्यावर आलं, आडवं झालं, पोट एकदम रुंद आणि विचित्र दिसायला लागलं, आणि धाकटीला भीती वाटली.

“थांबा,” ती म्हणाली.

हात उचलले गेले. तेवढंच. कोणी विचारलं नाही का, कोणी म्हटलं नाही, की आता थोडंच राहिलंय. डॉक्टरबाई दोन पावलं मागे गेल्या, मशीन लावून ठोके बघितले, चांगले आहेत म्हणाल्या, आणि हात पुसत उभ्या राहिल्या. धाकटीनं थोरलीकडे बघितलं. थोरलीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

“मला असं म्हणता येतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं तेव्हा,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तरी मी म्हटलं नसतं. ऑपरेशन हवंच होतं. पण विचारायला काय गेलं असतं?” आणि तिला पुन्हा उचकी लागली.

धाकटीनं मग जरा वेळ नुसतं पडून घेतलं. घाई कोणालाच नव्हती. मग ती म्हणाली, चालू करा.

डॉक्टरबाई पुन्हा वाकल्या. ढकललं, थोडं थांबल्या, पुन्हा ढकललं, आणि मग आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. मोठा मासा हौदात कुशीवर वळावा तसं बाळ तिच्या आत वळलं, लांबलचक, निवांत, अगदी स्वतःच्याच मनात आल्यासारखं. बरगड्यांखालचा गोळा गेला. कित्येक आठवड्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला, आणि तो पोटभर श्वास सगळाच्या सगळा हसण्यात गेला. थोरलीही हसत होती, मशीनवरचे घोडे दौडत होते, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, हलू नका, बघू दे तरी मला. पण त्यांच्याही तोंडावर हसू होतं. पडद्यावर डोकं दिसलं. खाली.

बाहेरच्या व्हरांड्यात ही बातमी थोरलीनं सांगितली. त्याबरोबर श्रेयाची वाटणी सुरू झाली. आत्याबाईंनी स्पीकर उंच धरून दाखवला. सासूबाईंचं म्हणणं, दुसऱ्या चौकातल्या त्या ब्रेकनं बाळ अर्धं फिरलं होतं, डॉक्टरांनी फक्त उरलेलं केलं. धाकटा बायकोशेजारी जमिनीवर बसला होता आणि तिच्या चपलांचे बंद लावत होता, एकदा चुकीच्या पायाला, मग बरोबर. सरांनी चष्मा काढला. हा घराण्याचा विजय आहे, ते म्हणाले, आणि सगळ्यांनी मिळून अवघड वळण कसं पार पाडायचं याचा हा वस्तुपाठ ते यापुढे वर्गात शिकवतील. व्हरांड्यातल्या दोन अनोळखी बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनी स्पीकर लावला. एक नर्स येऊन बंद करून गेली.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. ठोके पुन्हा बघून झाले होते, सगळं चांगलं होतं, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच यायचं, एरवी पुढच्या आठवड्यात दाखवायला या, असं त्यांनी धाकटीला सांगितलं. धाकटीलाच, बाकीच्यांना नाही.

“म्हणजे आता निकाल लागला,” सर मध्येच म्हणाले. “आता ते असंच राहणार.”

“बहुतेक,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पुन्हा फिरूही शकतं.”